सिगारेट सुटली, पण जोर ओसरला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: २५ वर्षं रोज वीसेक सिगारेटी ओढल्या. सहा आठवड्यांपूर्वी ठरवून एका दिवसात सगळ्या बंद केल्या, औषध कोणतंच घेतलं नाही. पहिले पंधरा दिवस हाल झाले, पण तेव्हा अंगात जोर होता. आता हाल कमी झालेत आणि जोरही ओसरलाय. वजन वाढलं, झोप नीट लागत नाही, खोकला तर पूर्वीपेक्षा जास्त येतो. ‘एवढी वर्षं ओढली, जे व्हायचं ते नुकसान होऊन गेलं, आता सोडून काय मिळणार’ हा विचार रोज डोकं वर काढतो. मग प्रेरणा टिकवायची कशी?

व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात मी बरीच वर्षं काम करते. आधी एक दिलासा देते, आणि तो खरा आहे. औषधाशिवाय सिगारेट सोडणाऱ्यांपैकी बहुतेक जण पहिल्या आठ-दहा दिवसांतच पुन्हा ओढू लागतात, आणि वर्षभर टिकणारे शंभरात जेमतेम तीन ते पाच असतात. तुम्ही त्यातला सर्वांत निसरडा भाग ओलांडून आला आहात. तरीही तुम्ही आज आहात त्या टप्प्याची मला काळजी वाटते, कारण इथली घसरण वेगळ्या वाटेने होते. पहिल्या आठवड्यात माणूस तलफ सहन न होऊन सिगारेट पेटवतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तलफ फारशी नसतानाच पेटवतो. पहारा ढिला पडलेला असतो, आजूबाजूच्यांचं कौतुक संपलेलं असतं आणि ‘एकाने काय होतंय’ हे पटण्यासारखं वाटू लागतं.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा फिरवून घेते. प्रेरणा टिकवण्याच्या मागे लागू नका. ती ओसरणारच होती. वर्षभर रोज सकाळी तेवढ्याच तीव्रतेने सिगारेट सोडावीशी वाटणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि जे कायमचे सुटले त्यांनाही तसं वाटत नव्हतं. ज्या दिवशी काहीच वाटत नाही त्या दिवशीही सिगारेट ओढली जाणार नाही, अशी दिवसाची मांडणी करून ठेवणं हे आताचं काम आहे.

आधी हे मरगळलेपण येतं कुठून ते बघू. झुरका घेतल्यावर निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचतं. एका सिगारेटचे दहा झुरके धरले तर तुमचे दिवसाला दोनशे झाले, आणि २५ वर्षांत अठरा लाखांच्या वर. इतक्या वेळा मेंदूला सुखाची जाणीव देणाऱ्या डोपामिन या रसायनाचा छोटासा झटका मिळत राहिला. त्या भडिमाराशी जुळवून घेताना मेंदूत निकोटीन पकडणाऱ्या ग्राहींची (रिसेप्टर्सची) संख्या वाढते. सिगारेट थांबली की या ग्राही रिकाम्या पडतात आणि चिडचिड, अस्वस्थता, उदासी, एकाग्रता न होणं हे सगळं सुरू होतं. हा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत बराच निवळतो. ग्राहींची संख्या पूर्ववत व्हायला मात्र काही आठवड्यांपासून तीनेक महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. तुम्ही त्याच मधल्या काळात आहात. कशातच गोडी वाटत नाही याचा अर्थ तुमचा निर्धार कच्चा आहे असा नाही. मेंदू अजून पूर्वपदावर येतो आहे, एवढंच.

‘सिगारेट होती तेव्हा निदान ताण तरी हलका व्हायचा’ असंही तुम्ही लिहिलंय. ताण हलका व्हायचा हे खरं, पण त्या ताणातला मोठा भाग आधीच्या सिगारेटचा अंमल उतरल्याने आलेला असायचा. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं होतं, अस्वस्थता वाढते, पुढची सिगारेट ती शमवते आणि श्रेय सिगारेटला जातं. सोडलेल्या आणि न सोडलेल्या लोकांची तुलना करणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सोडणाऱ्यांमध्ये चिंता, नैराश्य आणि ताण पूर्वीपेक्षा कमी झाल्याचं त्यात दिसलं. आधीपासून मानसिक आजार असलेल्यांमध्येही असंच चित्र होतं. मात्र उदासी सलग दोन आठवडे हटत नसेल, सकाळी उठणंच नको वाटत असेल किंवा जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर ते सिगारेट सोडण्याच्या खात्यावर टाकून अंगावर काढू नका. डॉक्टरांना लगेच भेटा. नैराश्यावर उपचार आहेत, आणि ते सिगारेटशिवाय होतात.

आता ‘जे व्हायचं ते होऊन गेलं’ याबद्दल. या एका विचाराने जितकी माणसं परत सिगारेटकडे जाताना मी पाहिली, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने, म्हणून इथे थांबून बोलते.

ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून सुमारे ३४,००० पुरुष डॉक्टरांचा पाठपुरावा केला आणि ५० वर्षांचे निष्कर्ष २००४ मध्ये मांडले. आयुष्यभर ओढत राहणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले. पण ज्यांनी साठीत सोडली त्यांना साधारण तीन वर्षं परत मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा, चाळिशीत सोडणाऱ्यांना नऊ. तिशीत सोडणाऱ्यांचं जवळजवळ सगळं नुकसान टळलं. म्हणजे उशीर झाला की फायदा घटतो, शून्य होत नाही. आणि तो फायदा आज सोडून राहणाऱ्याला मिळतो, पुढच्या वर्षी पुन्हा सोडू म्हणणाऱ्याला कमी मिळतो.

हृदयाचा हिशेब तर आणखी लवकर बदलतो. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत सामान्य होतो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका साधारण निम्म्यावर येतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दहा वर्षांनंतर, ओढत राहिलेल्या माणसाच्या तुलनेत, जवळपास निम्मा असतो. इथे खोटी आशा दाखवणार नाही: तो कधीच न ओढलेल्या माणसाइतका खाली सहसा येत नाही. श्वासाच्या क्षमतेचंही तसंच. वयाबरोबर ती सगळ्यांचीच थोडी थोडी घटते, सिगारेट ओढणाऱ्या बऱ्याच जणांची फार वेगाने घटते. गमावलेली क्षमता बहुतांशी परत येत नाही, पण सोडल्यावर घटण्याचा वेग न ओढणाऱ्यांच्या जवळ जातो. सत्तरीत जिना चढताना दोनदा थांबावं लागणार की न थांबता चढता येणार, याचा निर्णय बऱ्याच अंशी या वेगावर असतो. शिल्लक जेवढी आहे तेवढी राखणं हे मोठं काम आहे, ते कमी लेखू नका.

खोकल्याचं कारणही चांगलं असण्याची शक्यता जास्त. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केस असतात आणि ते कफ वर ढकलतात. धुराने ते लुळे पडतात. सिगारेट सुटली की पुन्हा काम सुरू करतात, त्यामुळे काही आठवडे कफ आणि खोकला वाढल्यासारखा वाटतो. पण कफातून रक्त आलं, आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला, वजन आपोआप घटू लागलं किंवा धाप वाढत गेली, तर वाट न पाहता तपासून घ्या.

झोपेबद्दल विचारते: दिवसात चहा-कॉफी किती होते? ही गोष्ट सोडणाऱ्यांना फार क्वचित सांगितली जाते. सिगारेटच्या धुरातले काही घटक यकृतातल्या एका विकराचा (एन्झाइमचा) वेग वाढवतात, आणि तोच विकर कॅफिन मोडतो. सिगारेट बंद झाली की वेग उतरतो आणि पूर्वीइतकीच कॉफी घेतली तरी रक्तातलं कॅफिन जवळपास दुप्पट होऊ शकतं. मग धडधड, हुरहुर, रात्री टक्क जागं राहणं, आणि माणूस म्हणतो की सिगारेट सोडल्यापासून हे चालूच आहे. चहा-कॉफी निम्मी करा आणि दुपारनंतर घेऊ नका, आठवडाभरात फरक कळेल. याच कारणाने दम्यावरचं थिओफायलिन, मानसिक आजारांवरची क्लोझापिन, ओलान्झापिन यांसारख्या औषधांचं रक्तातलं प्रमाण सोडल्यानंतर वाढतं, आणि रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांचीही मात्रा कधी कधी बदलावी लागते. यातलं काही चालू असेल तर सिगारेट सुटल्याचं डॉक्टरांना सांगायलाच हवं.

वजन पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतं, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. माझं मत स्पष्ट आहे: या काळात कडक डाएट सुरू करू नका. भूक आणि तलफ एकमेकींना चेतवतात, दोन आघाड्यांवर एकदम लढणारा माणूस सहसा दोन्हीकडे हरतो. रोज चालायला लागा. थोडं झपाझप चालल्याने तलफही काही वेळ ओसरते. वजनाचं सहा महिन्यांनी बघू. वाढलेल्या पाच किलोंनी होणारा तोटा सिगारेट सोडल्याच्या फायद्यापुढे फारच लहान आहे.

आता मूळ मुद्दा, मांडणीचा. शरीराची निकोटीनची मागणी तुमच्या बाबतीत बहुतेक संपली आहे. उरली आहे ती सवयीची आठवण, आणि ती प्रसंगांना चिकटलेली असते. जेवणानंतर, फोनवर बोलताना, अवघड काम हातावेगळं झाल्यावर, कुणाची वाट बघताना. असा प्रत्येक प्रसंग सिगारेटशिवाय पुन्हा पुन्हा पार पडला की मेंदूतली ती गाठ सैल होते. रोजचे प्रसंग तुमचे आतापर्यंत पुष्कळदा पार पडले आहेत, म्हणून रोजची तलफ कमी झाली. अडचण आहे ती क्वचित येणाऱ्या प्रसंगांची. लांबचा प्रवास, समारंभ, जुन्या मित्रांची बैठक, कुणाचं आजारपण, कुणाचा मृत्यू, नोकरीतलं मोठं भांडण. यातले कितीतरी तुम्ही अजून एकदाही सिगारेटशिवाय अनुभवलेले नाहीत. त्या जागी तलफ पहिल्या दिवसाइतकी ताजी होऊन येईल, चौथ्या महिन्यात येईल, कदाचित अकराव्यातही येईल. तेव्हा माणसाला वाटतं की आपण काहीच कमावलं नाही. तसं नसतं. तो प्रसंग पहिल्यांदाच समोर आलेला असतो, एवढंच.

म्हणून आज एक कागद घ्या आणि अजून पार न पडलेले प्रसंग लिहून काढा. प्रत्येकासमोर एकच कृती लिहा, आणि ती इतकी नेमकी असावी की त्या वेळी विचार करावा लागू नये. ‘मन खंबीर ठेवीन’ ही कृती नव्हे. ‘बैठकीत सगळे बाहेर ओढायला उठले की मी जागेवरच बसून घरी फोन करीन’, ही कृती. ‘भांडण झालं की आधी खोलीतून बाहेर पडून दहा मिनिटं चालीन, मग बोलीन’, ही कृती. तलफेची लाट बहुधा तीन ते पाच मिनिटांत उतरते, तुम्ही ओढा किंवा न ओढा. तेवढी मिनिटं हात आणि पाय कुठे असतील हे आधी ठरलेलं असलं की पुरतं.

दारूबद्दल वेगळं सांगते, कारण यादीत तिला वरची जागा आहे. बऱ्याच जणांची सुटलेली सिगारेट पुन्हा पेटली ती हातात पेला असताना. घेत असाल तर निदान पहिले तीन-चार महिने बंद ठेवा.

आणि ‘एकच’ याबद्दल तडजोड नको. एकही झुरका नाही, हा नियम मला कठोर वाटत नाही, सोपा वाटतो. ‘कधीतरी एक’ म्हटलं की प्रत्येक प्रसंगी नव्याने निर्णय घ्यावा लागतो, ‘नाही’ म्हटलं की निर्णय आधीच झालेला असतो. सोडल्यानंतर एखादी सिगारेट ओढून बघणाऱ्यांपैकी फार मोठा भाग पुन्हा नेहमीसारखा ओढू लागतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ‘वीस होत्या, आता दिवसाला फक्त एक’ हाही सौदा दिसतो तितका स्वस्त नाही. २०१८ मधल्या एका मोठ्या विश्लेषणानुसार, रोज वीस ओढल्याने हृदयविकाराचा जो जादा धोका येतो, त्याचा जवळपास निम्मा रोज एक ओढल्यानेही येतो.

तरीही पाय घसरलाच, तर पुढचा एक तास महत्त्वाचा. उरलेली सिगारेट विझवा, पाकीट असेल तर फेकून द्या आणि एका माणसाला तेव्हाच सांगा. ‘आता मोडलंच आहे तर आजचा दिवस ओढून घेऊ, सोमवारपासून पुन्हा’ असं म्हणू नका. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लॅट यांनी हेच दाखवून दिलं की एका चुकीपेक्षा तिच्या मागून येणारी अपराधी भावना माणसाला जास्त खोल नेते. माणूस स्वतःला नालायक ठरवतो आणि मग नालायकाला साजेसं वागतो. स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा प्रसंग माझ्या यादीत होता का? नसेल तर लिहून टाका. कायमचे सुटलेल्या बहुतेकांच्या मागे फसलेले अनेक प्रयत्न असतात, आणि त्यांतून कळलेलंच पुढे उपयोगी पडतं.

औषधांविषयी तुमच्या मनात अढी दिसते, ‘स्वतःच्या बळावर’ हे तुम्ही दोनदा लिहिलंय. औषध घेतल्याने सुटका कमअस्सल होत नाही. निकोटीनचं व्यसन लागतं हे खरं, पण कर्करोग आणि फुप्फुसांचे विकार होतात ते मुख्यतः धुरातल्या इतर पदार्थांमुळे. तुमची रोजची तलफ सौम्य असेल तर आता काही नको. पण आठवड्यातून काही वेळा कडेलोटापर्यंत जात असाल, तर डॉक्टरांना विचारून २ मिलिग्रॅमचा निकोटीन गम किंवा लॉझेंज (तोंडात विरघळणारी गोळी) जवळ ठेवायला हरकत नाही. गम सतत चघळायचा नसतो. चव झणझणीत लागेपर्यंत सावकाश चावायचा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, झणझणाट गेला की पुन्हा चावायचा. त्याआधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी किंवा फळांचा रस घेतलेला असेल तर निकोटीन नीट शोषलं जात नाही. ‘गमचा उपयोग झाला नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांची चूक एवढीच असते.

आणि समजा पुन्हा रोजची सुरू झाली, तर पुढच्या वेळी नुसत्या निर्धारावर उतरू नका. दिवसभरासाठी त्वचेवर चिकटवायचा निकोटीनचा पॅच आणि तलफेच्या वेळी गम अशी जोडी एकट्या पॅचपेक्षा किंवा एकट्या गमपेक्षा चांगली चालते. व्हॅरेनिक्लिन हे औषध मेंदूतल्या निकोटीनच्या त्याच ग्राहींना अर्धवट चेतवतं, त्यामुळे तलफ कमी होते आणि ओढली तरी पूर्वीची मजा येत नाही. सायटिसिन हे वनस्पतीपासून मिळणारं औषध पूर्व युरोपात १९६० च्या दशकापासून वापरात आहे. बुप्रोपिऑन हे औषधही चालतं, मात्र फिट येण्याचा इतिहास असलेल्यांनी ते घ्यायचं नाही. निवड डॉक्टरांबरोबर करा. ई-सिगारेटबद्दल विचारलंत: तुम्ही निकोटीनपासून सहा आठवडे मोकळे आहात, तुम्हाला मी ती सुचवणार नाही.

मन रिकामं वाटतं त्या दिवसांसाठी एक काम आजच करा, कारण महिन्याभराने ते जमणार नाही. पहिल्या पंधरा दिवसांचे हाल अजून आठवताहेत तोवर स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवा: रात्री कशा गेल्या, कुणावर ओरडलात, हात कसे थरथरले. हाल मन लवकर विसरतं आणि सिगारेटची पहिली चव जपून ठेवतं, त्यामुळे तिसऱ्या महिन्यात तुलना एकतर्फी होते. त्याखाली आज मोजता येतील अशा गोष्टी लिहा: शांत बसलेले असताना नाडीचे ठोके, किती जिने न थांबता चढता येतात, सकाळी किती वेळ खोकला येतो. दर महिन्याच्या त्याच तारखेला पुन्हा मोजा. दहा वर्षांनी टळणाऱ्या आजाराचं भय रोज पुरत नाही, कमी झालेले ठोके मात्र डोळ्यांना दिसतात. वाचलेले पैसे खर्चात मिसळू देऊ नका, वेगळे काढा आणि चार महिन्यांनी स्वतःसाठीच वापरा.

घरच्यांशीही बोला. त्यांना वाटतंय की सहा आठवडे झाले, प्रश्न मिटला. त्यांचं चुकत नाही, तुम्ही काही म्हटलेलं नाही. एका माणसाची निवड करा आणि त्याला नेमकं सांगा: रोज विचारू नकोस, पण मी फोन केला तर पाच मिनिटं दुसऱ्या कशावरही बोल. घरात कुणी ओढत असेल तर पाकीट नजरेआड ठेवण्याची आणि घराबाहेर ओढण्याची विनंती करा. या विनंतीत अवघडण्यासारखं काही नाही.

मध्येच एखाद्या रात्री स्वप्नात सिगारेट ओढाल आणि दचकून जागे व्हाल. हे सोडणाऱ्यांमध्ये फार सामान्य आहे, कित्येकांना वर्षभरानंतरही होतं. ते पुन्हा सुरू होण्याचं लक्षण नाही.

येत्या पंधरवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्या आणि स्पायरोमेट्री करायला सांगा, म्हणजे फुप्फुसांची आजची क्षमता कागदावर येईल आणि पुढच्या वर्षी तुलनेला काही हातात असेल. रोज एक पाकीट, २५ वर्षं, इतकं ओढलेल्या माणसाने वय पन्नाशीच्या पुढे असेल तर किरणांच्या कमी मात्रेच्या सीटी स्कॅनबद्दलही विचारावं. त्याने फुप्फुसाचा कर्करोग लवकर सापडू शकतो, आणि तो लवकर सापडला तर उपचारांना खूप जास्त वाव असतो. कधीपासून किती ओढत होतात आणि कधी सोडली, हे लिहून सोबत न्या.